तार तुटली तर?

4 मार्च 2007 रोजी जर्मनीतल्या श्पायर इथून डायमंड डीए-42 जातीचं दोन इंजिनांचं एक छोटं विमान उडालं. विमानाची बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरून वीज जोडून इंजिनं सुरू केलेली होती. चाकांनी जमीन सोडली, वैमानिकाने ती वर घ्यायला सुरुवात केली आणि दोन्ही इंजिनं एकदमच थांबली. इंजिनात काही मोडलेलं नव्हतं. चाकं उचलणारा पंप विजेवर चालतो आणि सुरू होताना मोठा करंट ओढतो. रिकाम्या बॅटरीला तो ओढा सोसला नाही. व्होल्टेज निमिषभर खाली आलं आणि तेवढ्यात इंजिनांचा कारभार पाहणारे संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाले. विमान धावपट्टीलगत आदळलं, सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. पुढे या इंजिनांच्या संगणकांना वेगळी राखीव बॅटरी बसवण्याचा आदेश निघाला.

याच जातीची विमानं आपल्याकडेही उडतात.  गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवरच्या प्रशिक्षण संस्थेत शिकाऊ वैमानिक डायमंडच्याच विमानांवर हात बसवतात. ही विमानं कारखान्यातून प्रमाणपत्र घेऊन येतात. शेकडो अभियंत्यांनी तपासलेल्या विमानाची ही गत होऊ शकत असेल, तर घरी बांधलेल्या विमानाचं काय? तिथे नकाशा काढणारा, तार ओढणारा आणि तपासणारा हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

घरी विमान बांधणं ही आता नवलाई राहिलेली नाही. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. तिचा ऑशकॉशचा वार्षिक मेळा आज जगभरच्या विमानवेड्यांची पंढरी झाला आहे. महाराष्ट्रात हे नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. 2017 साली त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची चाचणी उड्डाणं झाली. पंख, पत्रा, इंजिन यांची चर्चा भरपूर झाली. अशा विमानांतल्या तारांबद्दल मात्र कोणी फारसं विचारत नाही, कारण त्या पॅनेलमागे दडलेल्या असतात.

प्रस्तुत लेखकाला तारांचा पहिला धडा विमानाने नव्हे, भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या कोंढा इथे एका ट्रॅक्टरने दिला. धानाच्या हंगामात ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता कण्हायचा. एका दुकानाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने सेल्फ उघडून भरून दिला. दोन्हींचे पैसे गेले, कण्हणं राहिलं. शेवटी गावातल्या वायरिंगच्या मिस्त्रीने बॅटरीला हातही न लावता मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या अंगावर ठेवलं आणि सेल्फ मारायला सांगितला. काटा दोन व्होल्टपाशी गेला. “बॅटरी चांगली हाये, सेल्फ चांगला हाये,” तो म्हणाला. “करंट जाते, पन वापस येत नाही.” अर्थची पट्टी जिथे चॅसीला बोल्टने कसली होती, तिथे खाली रंग होता आणि रंगाखाली गंज.

हिशोब साधा आहे. सेल्फ 200 अँपिअर ओढतो असं धरलं आणि गंजामुळे वाटेत ओहमचा फक्त शंभरावा हिस्सा अडथळा आला, तरी तिथे 2 व्होल्ट जिरतात. बाराच्या बॅटरीतले दहा उरतात आणि 400 वॉट त्या एका बोल्टपाशी उष्णता होऊन बाहेर पडतात. घरी बांधलेली बहुतेक छोटी विमानं ट्रॅक्टरसारखीच 12 व्होल्टवर चालतात. फरक एवढाच की ट्रॅक्टर बंद पडला तर तो बांधावर उभा राहतो.

म्हणून बांधणाऱ्याने पहिला विचार करावा तो परतीच्या वाटेचा. ॲल्युमिनियमच्या विमानाचं अंग ही वाट म्हणून वापरता येतं. फायबरच्या विमानाचं अंग वीज नेत नाही, तिथे प्रत्येक उपकरणाला जाणारी एक आणि येणारी एक अशा दोन तारा लागतात. अंग धातूचं असलं तरी रेडिओ, इंटरकॉम आणि इंजिनाचे सेन्सर यांचे अर्थ जागोजागी न टोचता एकाच पट्टीवर आणावेत. नाहीतर अल्टरनेटरची कुरकुर हेडफोनमध्ये ऐकू येते आणि दिवे लावले की तापमानाचा काटा हलतो. आणि जिथे तारेच्या टोकाचा धातूचा कान, म्हणजे लग कसायचा, तिथला रंग खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा.

दुसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज उपकरण वाचवायला असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. तो तार वाचवायला असतो. उपकरण बिघडून मोठा करंट ओढू लागलं, तर तार तापून पेटण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे. त्यामुळे फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो. विमानबांधणीत 22 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.33 चौरस मिलिमीटरच्या तारेला 5 अँपिअर, 20 गेजला 7 आणि 18 गेजला 10 असा ठोकताळा चालतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं हा गावोगावचा उपाय आहे. विमानात त्याचा अर्थ केबिनमध्ये धूर असा होतो. फ्यूजची जागाही महत्त्वाची आहे. तो विजेच्या उगमापाशी, म्हणजे जिथून सगळ्या उपकरणांना वीज वाटली जाते त्या पट्टीपाशी, बसपाशी हवा. तारेच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या तारेला उघडं टाकतो.

धुराचं गांभीर्य कळायला स्विसएअर 111 ची आठवण पुरेशी आहे. 2 सप्टेंबर 1998 च्या रात्री हे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि 229 माणसं गेली. तपासात ठिणगीचा माग प्रवाशांच्या करमणुकीच्या यंत्रणेच्या तारांपर्यंत पोचला. ठिणगी छोटी होती, पण तिच्या शेजारी पेट घेणारं इन्सुलेशनचं आच्छादन होतं. वैमानिकांना पहिला वास आल्यापासून शेवटापर्यंत जेमतेम वीस मिनिटं गेली. ती यंत्रणा विमानात नंतर बसवलेली होती, हे घरी बांधणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावं. मूळ नकाशा झाल्यावर “एवढं एक जोडू या” म्हणून आलेल्या तारेचा रस्ता, आधार आणि शेजार बहुधा नीट पाहिला जात नाही.

बाजारात मिळणारी घरगुती वायर स्वस्त असते आणि तिथेच मोह होतो. तिच्यावरचं पीव्हीसी जळताना गुदमरवणारा, आम्लयुक्त धूर सोडतं. विमानासाठी टेफझेल नावाच्या आवरणाची, कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या धाग्यांची वायर वापरतात. ती 150 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाच्या इंजिनाचं झाकण उघडून पाहिलेल्याला हा आकडा जास्त वाटणार नाही. एकसंध जाड तार तर विमानात नकोच, कंपनाने ती आतल्या आत तुटते.

जोड देतानाही सवय मोडावी लागते. मिस्त्री लोकांचा भरवसा सोल्डरवर असतो. पण सोल्डर धाग्यांमधून वर चढतं आणि तिथवरची तार काडीसारखी ताठ होते. कंपनात तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. सोल्डर केलंच तर तो भाग हलणार नाही असा बांधावा. त्यापेक्षा चांगल्या दाबयंत्राने क्रिम्प केलेला लग भरवशाचा, आणि प्रत्येक लग हाताने ओढून पाहावा. जो सुटायचा तो जमिनीवरच सुटू द्यावा. काळी टेप तर वर्षभरात चिकट होऊन सरकते. तिच्याऐवजी उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घालावी. तारांची जुडी पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावा. आणि विमान धानाच्या गोदामाशेजारी ठेवणार असाल तर उंदरांचाही विचार करावा. ट्रॅक्टरच्या किती वायरी त्यांनी कुरतडल्या आहेत, हे कोंढ्यात कोणीही सांगेल.

अमोल यादवांचं विमान गच्चीवरून सुटं करून खाली उतरवावं लागलं होतं. गच्ची, अंगण, गोठा अशा जागी बांधणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. म्हणून पंख जिथे धडाला जोडतो, तिथे दिव्यांच्या तारांना कनेक्टर हवेत. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक हवा. तोच क्रमांक कागदावरच्या नकाशात हवा. तार बदलली की त्याच दिवशी नकाशाही बदलायचा. पाच वर्षांनी दोष शोधताना स्वतःच ओढलेली तारही परक्याची वाटते.

इथवरच्या गोष्टी हाताच्या कौशल्याच्या झाल्या. खरी परीक्षा नकाशात असते, आणि तिथे त्या मिस्त्रीचाच एक प्रश्न कामी येतो. नवीन जोडणी करण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारायचा, “हा वायर तुटला त का का बंद पडते, आंदी थे सांगा.” अमेरिकेतले बॉब नकल्स यांनी ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकातून हौशी बांधणाऱ्यांना वर्षानुवर्षं वेगळ्या शब्दांत हेच शिकवलं. प्रत्येक भाग कधीतरी बिघडणार असं धरून चालायचं आणि तो बिघडला तरी विमान निवांत उतरेल असा नकाशा काढायचा.

नकल्स यांची एक रचना हौशी विमानांत बरीच रुजली आहे. सगळी उपकरणं एकाच बसवर न टांगता उतरण्यासाठी लागणारी मोजकी उपकरणं एका वेगळ्या छोट्या बसवर घ्यायची. एरवी या बसला मुख्य बसकडून, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमधून वीज मिळते. अल्टरनेटर गेला की मुख्य बस बंद करायची आणि छोट्या बसला दुसऱ्या स्विचने थेट बॅटरीवर घ्यायचं. यात बॅटरीचा मोठा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा मुख्य स्विचही सुटतो. तो स्वतःच अँपिअरभर करंट खात असतो, तो वाचतो. समजा, या बसवरचा भार 8 अँपिअर आहे आणि बॅटरी 17 अँपिअर-तासांची आहे. बॅटरी जुनी होणार हे धरून अर्धीच क्षमता मोजली, तरी तासभर हाताशी राहतो. याच कामासाठी भारांची यादी लागते: कोणतं उपकरण किती अँपिअर घेतं, सुरू होताना किती, आणि रात्री सगळं चालू असताना एकूण किती. श्पायरला जे घडलं ते या यादीतल्या ‘सुरू होताना’ या रकान्यात दिसलं असतं.

इंजिनालाच वीज लागत असेल तर पेच वाढतो. जुन्या पद्धतीच्या लायकमिंग इंजिनात ठिणगीची वीज स्वतःच बनवणारे मॅग्नेटो असतात, बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. रोटॅक्स 912 च्या साध्या आवृत्तीतही इंजिन स्वतःची ठिणगी स्वतः बनवतं. पण इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि विजेचे इंधनपंप आले की वीज म्हणजेच इंजिन. अशा विमानात इंजिनाला वीज पोचवणाऱ्या दोन वाटा हव्यात आणि त्या कुठेही एका स्विचवर, एका फ्यूजवर किंवा अर्थच्या एका बोल्टवर एकत्र येता कामा नयेत. दोन बॅटऱ्या लावून दोघींचा अर्थ एकाच लगवर आणला, तर दुसरी बॅटरी फक्त वजनाची.

अल्टरनेटर बंद पडणं हा सौम्य बिघाड, बेफाम होणं हा वाईट. रेग्युलेटर बिघडला की नेहमीचे चौदा-सव्वाचौदा व्होल्ट झरझर चढतात आणि महागडी पडदेवाली उपकरणं जळतात. व्होल्टेज 16 च्या आसपास गेलं की अल्टरनेटर आपोआप तोडणारं संरक्षण म्हणूनच आवश्यक आहे. लिथियम बॅटरी घेतली असेल तर याची गरज आणखी वाढते.

स्विच कुठे बसवायचे हाही विजेचाच प्रश्न मानावा. 12 ऑक्टोबर 1997 रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचं घरी बांधलेलं लाँग-ईझेड विमान कॅलिफोर्नियात समुद्रात कोसळलं. इंधनाची टाकी बदलायचा दांडा बांधणाऱ्याने मूळ नकाशातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. ते विमान दुसऱ्याने बांधलेलं होतं, उडवणारा नवा होता. स्विचच्या रांगेचंही असंच होतं. पट्टा आवळून, डोळे मिटून, फक्त हाताने चाचपून प्रत्येक महत्त्वाचा स्विच सापडतो का, हे पॅनेल कापण्याआधी पुठ्ठ्याच्या पॅनेलवर पाहावं. अल्टरनेटर आणि दिव्याचा स्विच एकमेकांना चिकटून, एकाच आकाराचे नसावेत.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही मुख्य कारणं त्यात दिसली आणि नव्या विमानाची पहिली उड्डाणं विशेष धोक्याची ठरली. तेव्हा बिघाडाची तालीम उड्डाणाआधी जमिनीवर व्हायला हवी. विमान खुंट्याला घट्ट बांधायचं, चाकांना ओंडके लावायचे, एक जाणता माणूस आत बसवायचा, इंजिन चालू करून सगळे भार लावायचे. मग एकेक फ्यूज काढून काय बंद पडतं ते लिहायचं, आणि ते नकाशाशी जुळतं का ते पाहायचं. त्यानंतर अल्टरनेटर तोडून छोट्या बसवर यायचं आणि घड्याळ लावायचं. व्होल्टमीटर 11 वर येईपर्यंत गेलेली मिनिटं आणि तारीख बॅटरीवर मार्करने लिहायची. वर्षाने हीच चाचणी पुन्हा घ्यायची. मिनिटं ठरवलेल्या तासाच्या खाली घसरली असतील तर ती बॅटरी काढून शेतातल्या फवारणी पंपाला लावावी, तिथे ती आणखी एक-दोन हंगाम सहज चालते.