लाँचमध्ये बसण्याआधी

मु. पो. ढोकी, जि. धाराशिव

चि. राजू यास तात्याचे अनेक आशीर्वाद.

परवा एसटी स्टँडवर तुझा मित्र भेटला. वहिनी मुंबईला येणार म्हणून तू काय काय ठरवलंयस, ते त्यानं मोबाइलवर दाखवलं. बुधवारी सकाळी गेटवे, तिथून लाँचनं घारापुरी, दुपारी म्युझियम, मग राणीची बाग, तारांगण, सिद्धिविनायक आणि रात्री जुहू. सगळं एका दिवसात! वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो तात्या, हो तात्या" म्हणतोस आणि विषय संपवतोस.

पहिली गोष्ट, राणीची बाग बुधवारी बंद असते. तीन वर्षं मुंबईत राहून एवढं तुला ठाऊक नसावं? दुसरी गोष्ट, वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्ष झालेलं नाही. आणि दमले असं म्हणायची त्यांना सवय नाही. दादाच्या शेवटच्या आजारपणात सोलापूरच्या दवाखान्यात त्या रात्ररात्र लाकडी बाकावर बसून काढायच्या. पाठ दुखते असं कधी कुणाला कळू दिलं नाही. तू विचारशील, "आई, थांबायचं का?" त्या म्हणतील, "नको, चल." तेव्हा विचारत बसू नकोस, आपणहून थांब.

पण माझा जीव खरा अडकलाय तो त्या लाँचमध्ये. तेरणेला गुडघाभर पाणी असलं तरी वहिनी काठावर बसून तांब्यानं पाय धुणाऱ्या. त्यांना तू तासभर समुद्रातून नेणार? 2024 च्या डिसेंबरची 18 तारीख आठव. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. बरीचशी फिरायला निघालेली, आपल्यासारखीच माणसं होती रे. ती बातमी इथं टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी बघितली आणि वहिनी माझ्याशेजारीच बसल्या होत्या. त्यानंतर जाकीट घातल्याशिवाय बसायचं नाही असा दंडक झाला. पण दंडक काढणारा एक आणि पाळणारा दुसरा. उकडतंय म्हणून लोक जाकीट काढून मांडीवर ठेवतात. तसं करायचं नाही.

घारापुरीचा हत्तीच बघायचा असेल तर तो भायखळ्यालाच आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, राणीच्या बागेला लागूनच. इंग्रजांनी 1864 मध्ये तो उचलायला घेतला तेव्हा फुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. संग्रहालय 1872 चं. आत मुंबईच्या जुन्या माणसांच्या, त्यांच्या धंद्यांच्या, पगड्यांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. वहिनी तिथं रमतील. कुणाची पगडी कशी, कुणाचं लुगडं कसं नेसलेलं, हे त्या तुला सांगतील. तू नुसतं ऐक. तेही बुधवारी बंद असतं, तेव्हा दुसरा दिवस धर.

एका दिवशी एकच ठिकाण, एवढं ऐक माझं. का सांगतो ते बघ. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाचा; उस्मानाबाद हे नावही सातव्या निजामावरूनच पडलेलं. आमच्या आजोबांच्या बोलण्यात हैदराबाद म्हणजे राजधानी, त्यामुळे लहानपणापासून मला मुंबईपेक्षा हैदराबादची ओढ. डी.एड.ला असताना सहल गेली, सालारजंग म्युझियम बघायला. आत शिरलो तर सगळे घड्याळाकडे पळत सुटले. त्या घड्याळातून दर तासाला एक चिमुकला माणूस बाहेर येऊन टोले देतो. गर्दीत मला फक्त पुढच्यांची डोकी दिसली. तिथून पुढं एका दालनात बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची रेबेका उभी होती. संगमरवराची बाई, तोंडावरून झिरझिरीत पदर आणि पदराच्या आतून नाक, ओठ, मिटल्यासारखे डोळे दिसतात. पदरही दगडाचाच! मी जवळ जाऊन हनुवटीजवळ पदर कुठं सुटतो ते शोधत होतो, तोवर मागून हाका आल्या, बस निघाली. पुन्हा येऊ म्हटलं. मग नोकरी, बहिणींची लग्नं, दादाचं दुखणं. तो पदर नीट बघायचा राहिला तो राहिलाच. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणत होतो, आता रात्रीच्या प्रवासाला डॉक्टर नको म्हणतात.

त्यानंतर शाळेची पोरं तेरला नेताना मी कधी घाई केली नाही. तू चौथीत होतास, तुला आठवत असेल. रामलिंगप्पा लामतुरेंनी पांढरीच्या टेकाडांवरून पावसानंतर उघडे पडलेले मणी, नाणी, मातीची चित्रं वेचून जमवली, त्यातून ते संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या हस्तिदंती बाईपुढं मी तुम्हाला उभं केलं होतं. अगदी तशा घडणीची बाई 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. आपल्या तेरचं, त्या जुन्या तगर नगराचं नाव तिकडच्या व्यापाऱ्यांच्या पुस्तकातही आहे. तू तेव्हा विचारलं होतंस, "गुरुजी, ती तिकडं कशी गेली?" घरी तात्या आणि वर्गात गुरुजी, असा तू शहाणा. तो प्रश्न विचारणारा पोरगा सात ठिकाणांची यादी करतो, याचं मला वाईट वाटलं. आणि तुझी आई? गोरोबाकाकांच्या यात्रेला दरवर्षी तेरला जाते, पण संग्रहालयाची पायरी अजून चढलेली नाही. तिला तिथं न्यायचं कुणाला सुचलंच नाही.

हे एवढं लिहून ठेवलं आणि काल संध्याकाळी वहिनींकडे गेलो. लाँचचं सांगितलं, पंधरा माणसांचं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या महादेवाचं मुख मला एकदा बघायचंय. तुमचे दादा दाखवणार होते." साखर कारखान्याच्या कॅलेंडरवर घारापुरीची ती त्रिमूर्ती होती, तेव्हापासून दादा म्हणायचा, सीझन संपला की जाऊ. गळीत हंगाम संपायचा आणि काही ना काही निघायचं. मला हे माहीत नव्हतं रे. मी पुढं काही बोललो नाही.

तेव्हा ने त्यांना. सोमवार सोडून ने, सोमवारी लेणी बंद असतात. सकाळच्या पहिल्या लाँचनं जा, ऊन आणि गर्दी दोन्ही कमी असते. चढताना एका लाँचमधून दुसरीत पाय टाकायची वेळ आली तर आधी तू उतर आणि त्यांचा हात धर. त्यांच्या जाकिटाचे पट्टे तू स्वतः बांध, मग तुझे. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी रेल्वे आहे, तिथून शंभरावर पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, त्या नाहीच म्हणतील, तरी कर. मूर्ती वीसेक फूट उंच आहे. खाली बसूनच बघू दे, कितीही वेळ लागू दे. फोटो काढायला उठवू नकोस. त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही, म्युझियम दुसऱ्या दिवशी.

ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी वहिनींच्या पिशवीत दिली आहे. त्यांच्या पाकिटात मी तीन हजार रुपये ठेवलेत, त्यांना सांगितलेलं नाही. ते टॅक्सीसाठी, लोकलच्या गर्दीत चढवू नकोस. रागावून लिहिलं असेल तर मनात धरू नकोस, तू आणि वहिनी सोडून मला रागवायला तरी कोण आहे? परत आलात की फोन लाव आणि त्यांच्या हातात दे. तिथं काय बघितलं ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझा,
तात्या