ट्रिअरला जाशील तेव्हा

अगं, एका दिवसात ट्रिअर बघून येते म्हणालीस ना, खुशाल जा. मोझेल नदीकाठचं ते गाव पायी सहज फिरून होतं. फक्त तुझ्या त्या यादीवर खुणा करत पळू नकोस. यादीत जागोजागी नुसतं 'रोमन' लिहिलंय, त्यानं काही कळत नाही. प्रत्येक ठिकाणी एकच विचार: ही इमारत पाडली का नाही कुणी? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळेल. ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला आली म्हणून!

पोर्टा निग्रापासूनच सुरुवात कर. साधारण इ. स. १७० च्या सुमाराची ही वेस. चुना नाही, गारा नाही, दगडावर दगड, आणि ते धरून ठेवायला लोखंडी चापे. पुढं लोकांनी लोखंडासाठी तेही उपटून नेले. भिंतीवरची भोकं त्याचीच, जवळ जाऊन बघ. मग अकराव्या शतकात सिमेऑन नावाच्या ग्रीक साधूनं स्वतःला इथल्या एका बुरुजात कोंडून घेतलं. १०३५ मध्ये तो गेला, संत ठरला आणि वेशीचं चर्च झालं. त्या चर्चमुळेच ती वाचली, नाहीतर तिचेही दगड गावभर झाले असते. १८०४ मध्ये नेपोलियननं चर्च काढायला लावलं आणि वेस परत वेस झाली. वर चढ, आत चर्चचं कोरीवकाम अजून दिसतं.

तिथून हाउप्टमार्क्ट चौकातून कॅथेड्रलकडे निघ. वाटेत लाल घरावरचा लॅटिन मजकूर बघून हसू येईल. रोमच्या तेराशे वर्षं आधीपासून ट्रिअर आहे, अशी बढाई मारलीय! कॅथेड्रलच्या दाराशी एक तुटका रोमन खांब आडवा पडलाय. गुत्ता बांधतायत असं सांगून सैतानाकडून खांब वाहून घेतले आणि चर्च बघून चिडलेल्या सैतानानं हा फेकून मारला, अशी गोष्ट सांगतात. पोरं त्यावर घसरगुंडी करतात. आत येशूचा म्हणून मानला जाणारा पवित्र झगा आहे, पण तो दिसेल म्हणून जाऊ नकोस. १९९६ नंतर तो एकदम २०१२ मध्ये दर्शनाला ठेवला होता.

कॅथेड्रल झालं की लोक जेवायला पळतात. तू तसं करू नकोस. त्याला चिकटूनच लीबफ्राउएन किर्खं आहे, तेराव्या शतकातलं. जर्मनीतल्या अगदी सुरुवातीच्या गॉथिक चर्चपैकी एक, आराखडा पाकळ्या उमललेल्या गुलाबासारखा. निवांत बस. मला विचारशील तर दोन्हींत मला हेच जास्त आवडतं.

कॉन्स्टंटाइनच्या बॅसिलिकात मात्र दचकशील. सम्राटाचा दरबार भरायचा तो हा दिवाणखाना, लांबी सुमारे ६७ मीटर, उंची ३३. १८५६ पासून प्रोटेस्टंट चर्च. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात आतून जळालं आणि पुन्हा उभारताना सजावट केलीच नाही. नुसती वीट. 'हे काय, ओकंबोकं!' म्हणशील. जरा थांब. समोरच्या अर्धगोलातल्या खिडक्या मुद्दाम लहान ठेवल्यात, म्हणून तो भाग आहे त्याहून लांब वाटतो. सम्राट बसायचा तिथंच, भेटायला येणाऱ्याची छाती आधीच दडपावी म्हणून!

रविवारी गेलीस तर सकाळी उपासना चालू असते, तेव्हा कॅमेरा काढून फिरू नकोस. दुकानंही बंद असतात, पाणी-खाणं बरोबर ठेव. फरसबंदीवर टाचेच्या चपला नकोत, तू ऐकणार नाहीस पण सांगते.

वेळ उरला तर ब्रुकेनश्ट्रासवर मार्क्सचं जन्मघर आहे, १८१८ सालचा जन्म. घराचं आता संग्रहालय झालंय. त्याचा चीननं भेट दिलेला मोठा पुतळा पोर्टा निग्राजवळच आहे, तो न बघता परतू नकोस. त्याच्याबरोबरचा फोटो बाबांना लगेच पाठव, नाहीतर महिनाभर ऐकवतील.