फोटो एडिटिंग करू द्या, पण हातातली पेन्सिल सुटू देऊ नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक हमखास विचारतात : मुलगी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर फोटो एडिट करत बसते, रंकाळा तलावावरचं आभाळ जांभळं करते आणि आता म्हणते, यातच करिअर करायचं. यानं पोट भरेल का?

भरेल, पण नुसतं सॉफ्टवेअर येतं म्हणून भरणार नाही. बॅकग्राउंड काढणं, आभाळ बदलणं, चेहऱ्यावरचे डाग पुसणं ही कामं आता एआय काही क्षणांत करून देतं. ज्याला तेवढंच येतं, त्याचे दर पडणारच. टिकेल तो, ज्याला कुठली सावली ठेवायची आणि कुठली उजळायची हे कळतं. ही नजर चित्रकलेतून येते, आणि हे निदान कोल्हापुरात तरी वेगळं सांगावं लागू नये.

आपले बाबूराव पेंटर आधी चित्रकार होते, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. आनंदराव पेंटरांच्या जोडीनं त्यांनी सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. बाबूराव दृश्यांची स्केचेस आधी काढून ठेवत, पोशाख आणि नेपथ्य ठरवत, पोस्टरंही स्वतः रंगवत. चित्र आधी मनात आणि कागदावर तयार असे, कॅमेऱ्याचं काम त्यानंतरचं. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी १९२९ मध्ये इथेच ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू केली.

आजचं काम पाहा. गुजरीतल्या सराफाला ऑनलाइन विक्रीसाठी कोल्हापुरी साजाचा फोटो हवा असतो. नवशिका सॅच्युरेशनचा स्लायडर ओढतो. सोनं पितळेसारखं पिवळंजर्द होतं आणि पानड्यांवरची नक्षी एकमेकींत मिसळून जाते. जाणता मुलगा मूळ फोटोला हात न लावता वर वेगळा लेयर घेतो, त्याला मास्क लावतो आणि सावलीत बुडालेला भागच मऊ ब्रशनं हळूहळू उघडत नेतो. जव मण्यांवरची चमक तो तशीच ठेवतो, कारण तिच्यामुळेच मणी गोल दिसतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला वस्तुचित्रात तांब्या रंगवताना त्यानं हेच केलेलं असतं. म्हणूनच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा केवळ दहावीच्या वाढीव गुणांसाठी उरकू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

मुलाचा कल खरा आहे का, हे घरीच कळतं. रंकाळ्यातल्या संध्यामठाचा एकच फोटो द्या आणि त्याची तीन रूपं करायला सांगा : डोळ्यांना दिसलं तसं, मनाला वाटलं तसं आणि कागदावर छापण्यासाठी. मग प्रत्येक बदल का केला ते विचारा. ‘भारी दिसतं म्हणून’ एवढंच उत्तर आलं तर अजून वेळ आहे. ‘पाण्याकडे नजर जावी म्हणून आभाळ दाबलं’ असं काही आलं तर आई-बाबांनी गांभीर्यानं घ्यावं.

बारावीनंतर, शाखा कुठलीही असो, उपयोजित कलेची चार वर्षांची बीएफए पदवी हा सरळ रस्ता. त्यासाठी राज्याची कला सीईटी द्यावी लागते आणि तिथे परीक्षा चित्रकलेची असते, सॉफ्टवेअरची नव्हे. कोल्हापुरातच कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांचं काम मुलाला घेऊन एकदा बघून या. पुढे जाहिरात, प्रॉडक्ट फोटो, पुस्तकांची मुखपृष्ठं, सिनेमातलं कलर ग्रेडिंग अशा वाटा फुटतात. लग्नाच्या अल्बमचं काम कमी लेखू नका, शिकताना हातखर्च त्यातूनच निघतो.

मर्यादाही मुलांना आत्ताच कळायला हव्यात. स्वतःच्या कलाकृतीत आभाळ हवं तसं रंगवा. पण कोल्हापुरी चपलेच्या कॅटलॉगमध्ये चामड्याचा रंग बदलला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. आणि बातमीच्या फोटोत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. २०१५ च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो असल्याच फेरफारांमुळे बाद झाले होते.

राहिला खर्च. पहिल्याच वर्षी लाखाचा लॅपटॉप घेऊन देऊ नका. घरच्या साध्या कॉम्प्युटरवर गिम्प आणि डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअर चालतात, लेयर, मास्क, कर्व्हज सगळं त्यात शिकता येतं. पुढे मशीन घ्यायची वेळ आली तर आधी स्क्रीन बघा, रंग खरे दाखवणारी. आणि दर महिन्याला एक-दोन फोटो प्रिंट करून आणायला सांगा. स्क्रीनवरचा रंग कागदावर कसा उतरतो, हे त्याशिवाय कळत नाही.