ओस पडलेले मालधक्के पुन्हा जागे होतील काय?

आगगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रवाशांची गर्दी उभी राहते. परंतु आपल्या देशातील रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालवाहतुकीतून येतो. यामागे पदार्थविज्ञानाचे एक साधे तत्त्व आहे. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरताना जो विरोध होतो, तो रबरी चाकाला सडकेवर होणाऱ्या विरोधाहून पुष्कळच कमी असतो. त्यामुळे तेवढ्याच इंधनात मालगाडी एक टन माल मालमोटारीपेक्षा सुमारे तीन-चार पट दूर नेऊ शकते.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक मोठ्या शहरांतील मालधक्के ओस पडले. ते पुन्हा जागे होऊ शकतात काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या दोन रेल्वेमार्गांची हकीकत आपण पाहू.

पहिला मार्ग मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम बाजूचा. तेथे पूर्वी मालगाड्या भर रस्त्यातून धावत, आणि लोकांना सावध करण्यासाठी इंजिनापुढे एक घोडेस्वार चाले. तरीही अपघात इतके होत, की त्या रस्त्याला लोक 'मृत्युमार्ग' म्हणू लागले. अखेर १९३४ मध्ये रूळ उंच खांबांवर नेण्यात आले. हा नवा मार्ग काही ठिकाणी थेट कारखान्यांच्या व वखारींच्या वरच्या मजल्यांत शिरे आणि माल तेथेच उतरे. परंतु पुढे कारखाने शहराबाहेर गेले, मालमोटारी वाढल्या, मार्गाचा दक्षिणेकडील काही भाग पाडला गेला आणि १९८० मध्ये शेवटची गाडी धावली. उरलेल्या मार्गावर २००९ पासून सार्वजनिक उद्यान फुलले आहे. उद्यान रम्य आहे, यात शंका नाही. परंतु तेथे मालगाडी मात्र परतली नाही.

दुसरा मार्ग त्याच शहराच्या स्टेटन बेटावरचा. हे बेट आणि न्यू जर्सी राज्य यांच्यामध्ये आर्थर किल नावाची खाडी आहे. तीवर १९५९ मध्ये रेल्वेसाठी नवा उचलपूल बांधण्यात आला. जहाज आले की त्याचा ५५८ फूट लांबीचा मधला गाळा दोन मनोऱ्यांच्या आधाराने सरळ वर उचलला जातो. या जातीच्या पुलांत इतका लांब गाळा अन्यत्र नाही, असे मानले जाते. परंतु १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्ग होऊ लागले, १९६४ मध्ये बेट ब्रुकलिनशी सडकेच्या पुलाने जोडले गेले आणि गिऱ्हाईके रेल्वेला सोडून जाऊ लागली. १९९१ पर्यंत पुलावरून गाड्या जाणे थांबले. रुळांत गवत माजले.

येथे मात्र हकीकत निराळे वळण घेते. १९९४ मध्ये न्यू यॉर्क शहराने हा मार्ग विकत घेतला. रूळ उखडले नाहीत, जमीन तुकड्यांनी विकली नाही. २००१ मध्ये बेटावरील फ्रेश किल्स हा प्रचंड कचरा-डेपो बंद झाला, आणि रोजचा कचरा न्यावा कोठे व कसा, हा प्रश्न उभा राहिला. तो मालमोटारींनी न्यावा, तर वस्तीतील रस्त्यांवर धूर, गोंगाट आणि गर्दी. तेव्हा जुन्या रुळांची आठवण झाली. सुमारे ७ कोटी डॉलर खर्चून पूल व मार्ग दुरुस्त करण्यात आले आणि २००७ मध्ये नियमित गाड्या सुरू झाल्या. दाबून बंद पेट्यांत भरलेला कचरा सपाट वाघिणींवर चढून दूर दक्षिण कॅरोलिना राज्याकडे जाऊ लागला. बेटावरच्या बंदरातील पेट्याही त्याच रुळांवरून निघू लागल्या.

या दोन हकीकतींची तुलना केली असता काय दिसते? मालधक्का जागा होण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, रुळांची जमीन अखंड राखलेली असावी; एकदा तीवर इमारती उठल्या की शहराच्या मधोमध तशी पट्टी पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य होते. दुसरी, रोज व भरपूर येणारा माल असावा. अधूनमधून येणाऱ्या दोन वाघिणींनी मार्गाचा खर्च निघत नाही. तिसरी, आरंभीचा मोठा खर्च उचलणारी सार्वजनिक संस्था असावी. मॅनहॅटनमध्ये माल उरला नाही. स्टेटन बेटावर तिन्ही गोष्टी जुळल्या.

अर्थात मालगाडी प्रत्येकाच्या दारापर्यंत येत नाही. धक्क्यापासून दुकानापर्यंत मालमोटार लागतेच, आणि चढउताराचा खर्च दुप्पट होतो. म्हणून प्रत्येक जुना मार्ग जिवंत करावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जो माल रुळांवरून जात नाही, तो नाहीसा होत नाही. तो आपल्या दारावरून सडकेने जातो, आणि त्याचा धूर आपल्याच मुलाबाळांच्या श्वासात मिसळतो, हे विसरून चालणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, एखाद्या बंद गिरणीच्या मागे गवतात बुडालेला रुळांचा फाटा आपल्या दृष्टीस पडला, तर त्याला केवळ भंगार समजू नका. तो कोठून येतो, कोठे जातो, तेथे पूर्वी कोणता माल उतरे आणि आज तोच माल कोणत्या रस्त्याने येतो, हे वडीलधाऱ्यांना विचारा व आपल्या गावाच्या नकाशावर नोंदवून ठेवा. रूळ उखडण्यास थोडे दिवस पुरतात; तो मार्ग पुन्हा मिळवावयाचा तर कित्येकदा एक पिढीही पुरत नाही.