मंगळावरच्या घरात राहायचंय? आधी विषय निवडा

२५ जून २०२३ रोजी अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या एका घरात चार माणसं शिरली आणि दार लागलं. ती बाहेर आली ६ जुलै २०२४ ला, म्हणजे ३७८ दिवसांनी. थ्रीडी प्रिंटिंगने बांधलेल्या त्या १,७०० चौरस फुटांच्या घरात नासाने मंगळावरचं राहणं पृथ्वीवरच करून पाहिलं. प्रकल्पाचं नाव ‘चापिया’.

अशी बातमी वाचली की एखादी दहावीतली मुलगी ‘मला हेच करायचंय’ म्हणते आणि आईबाबा विचारतात, ‘याचा कोर्स कुठे असतो?’ या कामाचा वेगळा कोर्स नसतो. त्या चौघांतली कमांडर केली हेस्टन मूलपेशींवर संशोधन करणारी. बाकीच्यांत एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक इमर्जन्सी विभागातला डॉक्टर आणि एक नौदलातली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. नासाची अटही तशीच होती: वय ३० ते ५५, विज्ञान-तंत्रज्ञानातली मास्टर्स पदवी आणि कामाचा अनुभव, किंवा विमान चालवण्याचे किमान हजार तास. शिवाय अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना हवा. म्हणजे बारावीनंतर थेट तिथे जाण्याची वाट नाही, आणि ही आयुष्यभराची नोकरीही नाही.

आत राहणं सोपं नसतं. मंगळावरून संदेश पोचायला २२ मिनिटांपर्यंत लागू शकतात, तेवढाच उशीर इथेही मुद्दाम ठेवला जातो. घरच्यांना काही विचारलं तर उत्तर पाऊण तासाने. भाजी पिकवायची, बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायचं, सूट चढवून लाल वाळूत ‘बाहेर’ पडायचं, आणि तीच तीच माणसं रोज जेवायला समोर. यात खरा अभ्यासाचा विषय असतो तो क्रूच: त्यांची झोप, आहार, तब्येत, मनःस्थिती.

अशा प्रयोगांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मॉस्कोचं ‘मार्स-५००’. २०१०-११ मध्ये सहा पुरुष तिथे ५२० दिवस बंद राहिले. त्यांची हालचाल हळूहळू कमी होत गेली, काहींच्या झोपेचं चक्र बिघडलं. पण सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष निघाला मिठाबद्दल. रोजच्या जेवणातलं मीठ मोजून दिलेलं असूनही शरीरातून बाहेर पडणारं सोडियम दिवसागणिक बदलत होतं आणि त्या चढउताराला साधारण आठवड्याची लय होती. म्हणजे एका दिवसाच्या लघवीच्या तपासणीवरून माणूस किती मीठ खातो हे नेमकं सांगता येत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी केवढी महत्त्वाची गोष्ट! हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर २०१३ मध्ये ‘हाय-सीज’ या अशाच प्रकल्पाची पहिली मोहीम झाली, तिचा विषय होता जेवण: तयार पाकिटं बरी की हाताने केलेला स्वयंपाक?

या प्रयोगांमागे आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मूत्रपिंडाचे डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ असतात. टिकाऊ करिअर आहे ते तिथे. मुलीने मानसशास्त्र किंवा फूड टेक्नॉलॉजी घेतली म्हणून अंतराळ हातचं गेलं, असं समजू नका. भूगर्भशास्त्राला आपल्याकडे अनेकजण दुय्यम मानतात, याचं मला वाईट वाटतं. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं लोणारचं विवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात.

भारतातही सुरुवात झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहमध्ये इस्रोचं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून अशी मोहीम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्याच त्सो कार भागात ‘होप’ तळावर दोघांनी दहा दिवस काढले.

पालकांनी पैशांबाबत मात्र सावध राहावं. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात मार्स सोसायटीचा असाच तळ आहे. तिथे लहान तुकड्या साधारण दोन आठवडे राहतात आणि सहभागाचा खर्च बहुधा स्वतः उचलतात. स्वतःचा प्रयोग घेऊन जाणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला ते नक्कीच उपयोगी पडतं. पण नुसत्या प्रमाणपत्राने कुणी अंतराळवीर होत नाही. गगनयानसाठी निवडलेले पहिले चारही जण हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. कुणी ‘ॲनालॉग ॲस्ट्रॉनॉट’ (म्हणजे पृथ्वीवरच्या अशा मोहिमेतला ‘अंतराळवीर’) प्रशिक्षणासाठी मोठी फी मागितली, तर आधी विचारा: तिथे माझी मुलगी कोणता प्रयोग करणार, तिचा मार्गदर्शक कोण आणि त्यातून निघालेली माहिती कोण वापरणार? सरळ उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे तिच्या पदवीच्या शिक्षणासाठी ठेवा.