शक्तीचा मेळ

अहमदपूरकडच्या भजनात पेटी असतेच. तिची एक पट्टी दाबली की एक सूर निघतो, दुसरी दाबली की दुसरा; पण त्या दोहोंमधील वाट पेटीला दाखविता येत नाही. वीणा ती वाट चालून दाखविते. तिलाच मींड म्हणतात. गिटार या पाश्चात्त्य वाद्याची अडचणही बरीचशी पेटीसारखीच. तिच्या दांडीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात आणि तार थोडीफारच ओढता येते.

ही अडचण जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज वादकांपुढे उभी राहिली. जॅझ म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये जन्मलेले, आयत्या वेळी सुचेल तसे फुलवीत न्यावयाचे संगीत. त्यात त्यांचे नाव झाले होते. 1971 साली त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा तो गजर जगभर गाजला. परंतु भारतीय संगीताने त्यांना ओढ लावली. ते वीणा शिकले, आणि गजर बाजूस ठेवून लाकडी गिटार घेऊन बैठकीवर मांडी घालून बसले. कीर्ती पदरात असताना असे करण्यास धैर्य लागते.

ही गिटार खास घडविलेली होती. पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केल्यामुळे तार मनाजोगी खेचता येई व सूर मींडेसारखा घसरे. मुख्य तारांखाली सात तारा तिरप्या बसविल्या होत्या. त्या तरफांप्रमाणे गुंजत.

जोडीला 1951 साली मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटम् वाजविणारे विनायकराम होते. घटम् म्हणजे मातीचा घडाच! पथकाचे नाव ‘शक्ती’.

खरी परीक्षा पुढेच होती. झाकीर हिंदुस्थानी पद्धतीत वाढलेले, तर शंकर व विनायकराम कर्नाटक पद्धतीतले. बोल निराळे, ताल मोजण्याची रीतही निराळी. परकेपणा केवळ इंग्रज व भारतीय यांच्यातच होता असे नव्हे. तो घरातल्या घरातही होता. मात्र वाजविण्याचे बोल मुखाने म्हणण्याची चाल दोन्हीकडे आहे. त्या बोलांनी पूल बांधला. कार्यक्रमातही वादक हात थांबवून बोल म्हणत, आणि मॅक्लॉफ्लिन त्यात मागे राहत नसत.

5 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्क राज्यातील एका महाविद्यालयात श्रोत्यांसमोर त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. काही वर्षांतच पथक पांगले. 1997 मध्ये ते नव्या साथीदारांसह पुन्हा उभे राहिले. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘शक्ती’ला ग्रॅमी पारितोषिक लाभले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीर हुसेन निवर्तले. त्या अखेरच्या मेळात विनायकराम यांचे पुत्र सेल्वगणेश खंजिरी वाजवीत होते.