सांडपाण्यांतील जड धातु व डाळिंबाची साल

सोलापूर हें चादरींचें तसेंच डाळिंबांचें गांव. केगांव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालीं स्थापन झालें. ह्या दोन्ही उद्योगांत जड धातूंशीं गांठ पडते. कित्येक रंगांत क्रोमियम अथवा तांबें असतें, आणि बागेवर फवारावयाच्या बोर्डो मिश्रणांत मोरचुदाचें तांबें असतें.

शेणामुताची घाण मातींत कुजून तिचें खत होतें. धातु कुजत नाहीं. तो वर्षानुवर्षें जमिनींत सांचतो, आणि कॅडमियमसारखा धातु पालेभाजींतून पोटांत जातो. म्हणून जुळे सोलापूरसारख्या वस्तीलगतच्या नाल्याचें पाणी मळ्यास देण्यापूर्वीं तपासून घ्यावें. ओलिताच्या पाण्यांत दर लिटरास तांबें ०.२, क्रोमियम ०.१ व कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असें जागतिक अन्न व शेती संघटनेचें प्रमाण आहे.

सालीचा गुण : डाळिंबाच्या सालींत पेक्टिन, सेल्युलोज व टॅनिन हीं द्रव्यें असतात. पेक्टिनाच्या लांब सांखळीवर जागोजाग आम्लगट असतात. त्यांवर ऋण विद्युत्भार राहतो, व तांबें, शिसें, कॅडमियम यांचे धनभारित कण त्यांस चिकटतात. पाणी फार आंबट असल्यास त्या जागा हायड्रोजन अडवितो. म्हणून सामू ५ ते ६ असावा. षट्संयुजी क्रोमियमाचें मात्र उलट आहे. तें ऋणभारित रूपांत असल्यानें आंबट पाण्यांतच चांगलें धरलें जातें. त्यास कोळंबीच्या टरफलापासून काढलेलें कायटोसान उपयोगी पडतें.

कृति : वाळलेली साल भरड कुटून चुन्याच्या निवळींत एक दिवस भिजवावी; त्यायोगें पेक्टिन घट्ट होऊन विरघळत नाहीं. नंतर रंग व चुन्याचा अंश निघेपर्यंत धुवून सावलींत वाळवावी. रांजणांत वाळू व साल यांचे थर देऊन फवारणीचा पंप धुतलेलें पाणी त्यांतून सावकाश सोडावें. आधींच्या व नंतरच्या पाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेंत पाठवाव्या. पाणी डोळ्यांस निर्मळ दिसलें म्हणजे धातु गेला असें नव्हे. हें पाणी पिण्यास कधींही घेऊं नये.

सावधगिरी : धातु नाहींसा होत नाहीं, तो पाण्यांतून सालींत येतो. अशी साल उकिरड्यावर टाकणें म्हणजे एका हातानें काढलेलें विष दुसऱ्या हातानें शेतांत पेरणें होय. ती वेगळ्या पोत्यांत सांठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडेच द्यावी. कारखान्याच्या पाण्यास हा रांजण पुरा पडणार नाहीं. त्याचें शुद्धीकरण उगमाशींच झालें पाहिजे.

सर्वांत स्वस्त उपाय हाच कीं, मिश्रण जरुरीपुरतेंच करावें व पंपाचें धुवण विहिरीजवळ ओतूं नये.